दुसरं पिंप

पिंप हरवल्याचं कळलं तेव्हा मी एका गिऱ्हाइकाच्या स्वयंपाकघरात सिंकखाली आडवा पडलो होतो. दातांत टॉर्च, हातात पाना. खिशातला फोन वाजायचा थांबेना. त्या घरच्या बाईंनी विचारलं, "काढून कानाला लावू का?" मी मान हलवली. फोनवर माल पाठवणाऱ्या कंपनीचा माणूस होता. तो फार गोड आवाजात म्हणाला, की ज्या बंदरात जहाज बदलतं तिथपर्यंत आमचं पिंप पोचलं होतं, दुसऱ्या जहाजावर मात्र ते चढलेलं नाही, आणि आता शोध थांबवला आहे. कंपनीला मनापासून खेद आहे.

दातांत टॉर्च असल्यामुळे मला काही बोलता आलं नाही. तो दोनदा हॅलो म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

"काही वाईट बातमी?" बाईंनी विचारलं.

मी टॉर्च काढला. "आमचं पिंप हरवलं."

"पाण्याचं?"

"नाही. पाठवायचं."

त्यांना काही कळलं नाही. गळती काढली, फरशी पुसली आणि व्हॅनमध्ये येऊन बसलो.

आमच्या चर्चमधून दर वर्षी माझ्या धाकट्या लेकीला एक पिंप जातं. धाकटी आणि जावई समुद्रापलीकडे डोंगरातल्या मिशनच्या दवाखान्यात असतात. ती नर्स आहे, तो तिथली शाळा बघतो. कपडे, बूट, पट्ट्या, कात्र्या, तिथे मिळत नाही ते सगळं पिंपात जातं. हरवलेलं पिंप हिनं, म्हणजे माझ्या बायकोनं, भरलेलं होतं. एरवी सगळी मंडळी मिळून भरतात, पण तेव्हा हिला नुकतंच हॉस्पिटलातून घरी आणलं होतं, आणि ती म्हणाली, पिंपच घरी आणा. ती खुर्चीत बसून सांगायची, मी एकेक वस्तू बसवायचो. झाकण लावलं, आणि मग काही दिवसांनी ती गेली. पिंप तेव्हा निघालंही नव्हतं. नंतर ते जहाजावर होतं तोवर मला वाटायचं, हिचं एक काम अजून चालू आहे.

थोरल्या मुलाला सांगायला त्याच्या बेकरीत गेलो. तो कोपरापर्यंत पिठात होता.

"पिंप हरवतं कसं, बाबा? ती काय किल्ली आहे?"

"हरवलं खरं."

"आईचं पिंप?"

"हो."

तो वळला आणि कणकेचा गोळा फळीवर आपटायला लागला. पाव चांगला व्हायला तेवढं आपटायची गरज नसते. मी त्याच्या पाठीकडे बघत थोडा वेळ थांबलो आणि मग मेव्हणीकडे गेलो.

मेव्हणी म्हणजे हिची थोरली बहीण. चर्चमध्ये सगळे तिला इन्स्पेक्टर म्हणतात, तोंडावरसुद्धा. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पिंपच गेलं ना? माणूस तर नाही ना गेलं?" मग जीभ चावली. मग रडली. मग नाक पुसून म्हणाली, "शनिवारी दुसरं भरायचं. मंडळींना मी कळवते. भाऊजी, तुम्ही फक्त पिंप आणा. भोक नसलेलं."

"प्लंबरला हे सांगावं लागतं का?"

"प्लंबरच्याच घरचा नळ गळतो, म्हणून सांगते."

नळ खरंच गळत होता. हिच्या मागे मी तो तसाच ठेवला होता. घरात तेवढाच आवाज.

*

पिंपाचं ठरलं तसे पाळक घरी आले. आमचे पाळक तरुण आहेत, नवे आहेत. कुणी दुखावू नये म्हणून प्रत्येक वाक्याआधी "म्हणजे" म्हणतात.

"म्हणजे, काका, मुदतीचं."

"कसल्या?"

"म्हणजे तुमच्या मुलीची आणि जावयांची तिकडची मुदत संपतेय. पुन्हा पाठवायचं का, ते मुख्य कार्यालयाला कळवायचंय. पूर्ण मुदत, म्हणजे आणखी काही वर्षं, नाहीतर परत. मधलं काही नाही."

आमच्याकडे एक रीत आहे. पिंपाला झाकण लावायच्या आधी ज्यांच्या घरचं माणूस परदेशी आहे त्या घरातलं मोठं माणूस पुढे येतं, पिंपावर हात ठेवतं आणि म्हणतं, "आम्ही पाठवतो." एरवी ते पिंपापुरतं असतं. मुदत संपते त्या वर्षी ते माणसांसाठीही असतं. कितीही समित्या बसल्या तरी ह्या वाक्याशिवाय आमचं चर्च कुणाला पाठवत नाही. मागच्या दोन्ही मुदतींना ही उभी राहिली होती. तिचा आवाज तळघरापर्यंत जायचा. मी मागे उभा राहून घसा साफ केला होता.

"ह्या वेळी तुम्ही," पाळक म्हणाले.

"आणि मी नाही म्हटलं तर?"

पाळकांनी रिकाम्या कपातून एक घोट घेतला. "म्हणजे... आजवर तसं कुणी केलेलं नाही."

मला धाकटी घरी हवी होती. लपवण्यासारखं त्यात काही नाही. एका माणसाचा स्वयंपाक करायचा तर भांडं नेहमी मोठं पडतं. दारात कुणाच्या चपला नसतात. ही गेली तेव्हा धाकटी पोचेपर्यंत दफन होऊन गेलं होतं. थोडे दिवस राहिली आणि परत गेली, कारण दवाखान्यात दुसरं कुणी नव्हतं. मी एक शब्द बोललो नाही तरी चालणार होतं. नुसता गप्प बसलो असतो तरी ती घरी आली असती.

मी फोन करून तिलाच विचारलं. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही म्हणाल तसं."

लहानपणापासून ती मला एकदाही असं म्हणाली नव्हती.

*

शनिवारी चर्चचा हॉल बघण्यासारखा असतो. पिंपात जाणारी प्रत्येक वस्तू आधी कुणीतरी वापरून बघायची, असा हिनं घालून दिलेला नियम. त्याला कारण बूट. चपलांच्या दुकानाचे मालक आमच्या मंडळीतले. एका वर्षी त्यांनी मोठ्या मनानं दुकानाच्या काचेतले सगळे बूट दिले. एकदम नवे. आणि काचेत दुकानदार एकाच पायाचा बूट ठेवतात, हे त्यांच्याही लक्षात आलं नाही आणि भरणाऱ्यांच्याही. पिंपभर डावे बूट डोंगरावर गेले. तिथे उजवा पाय नसलेला एक सुतार होता. धाकटी सांगते, गावात त्याच्याइतके बूट अजून कुणाकडे नाहीत.

तेव्हापासून हॉलमध्ये नाटक कंपनी उतरल्यासारखं दिसतं. ह्या वेळी दुकानाचे मालक दोन्ही पायांत बूट घालून खिडकीपासून दारापर्यंत फेऱ्या मारत होते आणि जाता-येता लोकांना दोन्ही पाय दाखवत होते. थोरला ताप मोजायचं यंत्र प्रत्येकाच्या कपाळावर धरत होता. रुग्णांना घालायचे, पाठीमागे नाड्या असलेले झगे आले होते. ते कुणीच घालेना म्हणून पाळकांनी घातला आणि तपासणीच्या घडीच्या टेबलावर आडवे झाले. टेबल टिकतं का ते बघायचं होतं.

"हलून बघा," मेव्हणी म्हणाली.

"म्हणजे, किती?"

"पोटात दुखतंय असं समजा."

पाळक जरा हलले. टेबल कुरकुरलं, पण राहिलं.

मेव्हणी स्वतः रेनकोट घालून दारातल्या पायरीवर उभी राहिली होती, आणि थोरल्याच्या मुलीला, म्हणजे माझ्या नातीला, झारीनं पाणी ओतायला सांगितलं होतं. "कॉलरवर ओत. पाऊस काय विचारून पडतो?" नात मनापासून ओतत होती. आजीच्या डोक्यावर पाणी ओतायची अशी संधी पुन्हा कधी येणार?

मी कोपऱ्यात पाण्याचा हापसायचा फिल्टर सुटा करून बसलो होतो. त्या कोपऱ्यातून सगळं ऐकू येतं, आणि फिल्टर जोडणारा माणूस ऐकतोय असं कुणाला वाटत नाही.

"बाबा काय म्हणणार आहेत?" मेव्हणीनं थोरल्याला विचारलं. रेनकोटाच्या टोकांवरून पाणी गळत होतं.

"काय म्हणणार? पाठवतो म्हणणार. आईनं दोनदा पाठवलं. आई गेली म्हणून आपण लगेच तिला ओढून आणायचं?"

"तुझा बाप टोस्ट आणि चहावर जगतोय."

"पाव मीच देतो त्यांना, मावशी."

"म्हणूनच म्हणते. नुसता पाव! पोरीला बोलव. देवाचं काम इथे काय कमी आहे?"

"हे तू बोलतेस? बुटाच्या नाडीला गाठ मारून बघितल्याशिवाय पिंपात टाकू देत नाहीस, आणि तिला बोलव म्हणतेस?"

"पिंपाचं वेगळं. पिंपाला बाप नसतो."

एवढ्यात सूनबाई तळघरातून वर आली. थोरल्याची बायको. शनिवारी तळघरात ती रस्त्यावरच्या लोकांसाठी सूप आणि पाव देते. आठवडाभर शाळेत शिकवते, शनिवारी मोठा डाव घेऊन उभी असते. तिनं शेवटची दोन वाक्यं ऐकली होती.

"मावशी बरोबर बोलतात," ती म्हणाली.

थोरला बायकोकडे बघत राहिला. गेल्या कित्येक वर्षांत त्याची बायको आणि त्याची मावशी कशावर एकमत झाल्याचं त्याला आठवत नसावं. "तू तिकडून?"

"अहो, खाली येऊन बघा एकदा. खोकला, जखमा, सुजलेले पाय. मी सूप देऊ शकते. जखम दिसली की मी बँडेज लावते आणि प्रार्थना करते, आणि त्या बँडेजनं जखम बरी होते की आणखी बिघडते, तेही मला कळत नाही. नर्स आपल्या घरची, आणि आपण तिला समुद्रापलीकडे ठेवायची?"

"तिथले लोक लोक नाहीत का?"

"इथले नाहीत का?"

"मी असं म्हटलं का?"

"तुम्ही काहीच म्हणत नाही. तुम्ही पाव आपटता."

मेव्हणी खूश होऊन म्हणाली, "बोल, बोल." आणि रेनकोट झटकला. सगळं पाणी थोरल्याच्या अंगावर.

*

धाकटीला फोन लावला तेव्हा दुपार होती. तिकडे संध्याकाळ होऊन गेली होती. थोरल्यानं फोन टेबलावर उभा करून ठेवला, की हॉलमधली सगळी मंडळी तिला दिसावीत. तिच्या मागे भिंत, भिंतीवर टांगलेला कंदील, आणि मध्येच कुणाचं तरी बाळ रडत होतं.

"अगं बाई," ती म्हणाली, "हे काय चाललंय? पाळकसाहेब, तुम्हाला काय झालं?"

"म्हणजे, मला काही नाही. टेबल बघतोय." पाळक उठून बसले.

"वळू नका," मेव्हणी ओरडली. नाड्या सुटल्या होत्या.

धाकटी हसायला लागली. ती हसते तेव्हा आधी आवाज येत नाही, नुसते खांदे हलतात, आणि मग आवाज येतो. ही अशीच हसायची. मग सगळा हॉलच हसला.

दुकानाच्या मालकांनी तिला दोन्ही पाय दाखवले. तिनं टाळ्या वाजवल्या. पहिल्या पिंपाचं सांगितलं तेव्हा ती "मला माहीत आहे, दादानं सांगितलं," एवढंच म्हणाली.

मेव्हणीला आडवळण माहीत नाही. "बाई गं, मुदतीचं काय? तुझं काय मत?"

"बाबा म्हणतील तसं, मावशी."

हॉलमधली सगळी डोकी माझ्याकडे वळली. माझ्या एका हातात फिल्टरची कँडल, दुसऱ्या हातात रबरी चकती.

"आवाज तुटतोय," मी म्हणालो.

आवाज अजिबात तुटत नव्हता. "बाबा, मला नीट ऐकू येतंय," धाकटी म्हणाली.

तेव्हा सूनबाईनं टेबलावरून फोन उचलला. "जरा हिला खाली नेते. एक पाय दाखवायचाय." आणि गेली. मला त्या क्षणी सुनेबद्दल जेवढं प्रेम वाटलं तेवढं तिच्या लग्नातही वाटलं नसेल.

*

पुढचं तळघरातलं. मी तिथे नव्हतो. सूनबाईनं सांगितलं तसं लिहितो.

पाय होता कप्तानाचा. कप्तान कधी जहाजावर नव्हता, डोक्यावरच्या टोपीमुळे त्याला सगळे कप्तान म्हणतात. पुलाखाली राहतो, शनिवारी पहिला येतो आणि शेवटी जातो. पोटरीवरची जखम बरी होत नव्हती. सूनबाईनं फोन पोटरीजवळ धरला.

"हे बँडेज कुणी बांधलं?" धाकटीनं विचारलं.

"मी."

"वहिनी, हे बँडेज नाही, पार्सल आहे. सोड ते आधी."

कप्तान म्हणाला, "मीही हेच म्हणत होतो, पण सूप ह्यांच्याच हातात असतं."

धाकटीनं एकेक करून सांगितलं. पाणी उकळलेलं घे, गार होऊ दे. आतून बाहेर पूस, बाहेरून आत नाही. एवढं घट्ट नको. आणि सोमवारी त्यांना सरकारी दवाखान्यात ने, स्वतः बरोबर जा, नुसता पत्ता देऊ नकोस. सूनबाई करत गेली. कप्तानानं दोनदा देवाचं नाव घेतलं, एकदा भक्तीनं आणि एकदा नाही.

काम झाल्यावर सूनबाई हात पुसत म्हणाली, "बघ, तू इथे असतीस तर."

मागचं बाळ रडायचं थांबलं होतं.

सूनबाई सांगते, की तिला तेव्हा एकदम जाणवलं, आठवडाभर सगळे भांडतायत आणि हिला कुणी विचारलंच नाही. मेव्हणीनं मत विचारलं ते हॉलभर माणसांसमोर. तिथे कोण खरं बोलणार?

"तुला स्वतःला काय हवंय?" तिनं विचारलं. "बाबांचं सोड. मावशींचं सोड. माझंही सोड."

धाकटीनं मागे वळून कंदिलाची वात जरा मोठी केली. मग म्हणाली, "मी इथे सुईणींचा वर्ग काढलाय, वहिनी. आसपासच्या गावांतल्या मुली आहेत. पुढच्या वर्षी त्या तयार होतील. बाळंतपणं त्याच करतील, मग माझी एवढी गरज उरणार नाही. त्यांना आत्ता अर्ध्यात सोडलं तर सगळं फुकट. पण त्यानंतर..." ती थांबली. "त्यानंतर मला घरी यायचंय. कायमचं. मुलांना बाबांचा नुसता फोनवरचा चेहरा माहीत आहे. आईच्या वेळी मी पोचले नाही. मला पुन्हा तसं नकोय."

"मग हे बाबांना का नाही सांगत?"

"कसं सांगू? कार्यालय म्हणतं पूर्ण मुदत नाहीतर परत. आणि मला आईनं पाठवलं होतं. पिंपावर हात ठेवून ती म्हणाली, तो आवाज मला अजून आठवतो. आता ती नाही म्हटल्यावर मीच म्हणू, मला परत यायचं? म्हणून म्हटलं, बाबा ठरवतील."

"म्हणजे ओझं त्यांच्या डोक्यावर."

"हो," धाकटी म्हणाली. "वाईट केलं ना?"

"वाईटच केलंस. ते तिकडे फिल्टर परत परत सुटा करतायत."

कप्तान पाय स्टुलावर ठेवून सगळं ऐकत होता. कुणी विचारलं नसताना तो म्हणाला, "वर्षभराचाच प्रश्न असला तर माझा पाय थांबेल. त्याला घाई नाही."

*

सूनबाई वर आली ती जिन्यातच थोरल्याला आणि मेव्हणीला भेटली. तिघं तिथेच उभे राहिले, आणि भांडण पुन्हा सुरू झालं, पण ह्या वेळी माणसं जागा बदलून उभी होती.

"तिला एक वर्ष हवंय," सूनबाई म्हणाली. "द्यायचं."

"आत्ता तर तू बोलवा म्हणत होतीस," मेव्हणी म्हणाली.

"आत्ता मी तिला विचारलं नव्हतं."

थोरला म्हणाला, "आणि नंतर कायमची येणार? चर्चनं पाठवलेलं माणूस असं मध्येच..." त्यानं वाक्य पुरं केलं नाही. मेव्हणीनं त्याच्याकडे नीट बघितलं. ती सांगते, की हा बहिणीला परत यायला का अडवतोय ते तिला तोवर कळलं नव्हतं, आणि तिथे जिन्यात कळलं. धाकटी तिथे आहे तोवर आईनं ठेवलेलं सगळं जागच्या जागी आहे. ती आली की आई गेली.

"बाळा," मेव्हणी म्हणाली. बेकरीवाल्या, पिकल्या केसांच्या माणसाला. "तुझ्या आईनं तिला पाठवलं. तिथे पुरली नाही."

थोरला भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. इथे आपटायला पीठ नव्हतं. सूनबाईनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. जरा वेळानं तो म्हणाला, "बाबांना कोण सांगणार?"

"तू."

"मावशी, तू मोठी आहेस."

"मी भिजलेय."

शेवटी सूनबाईच आली. माझ्याजवळ जमिनीवर बसली. "बाबा, एक सांगू? रागावणार नाही ना?"

तिनं सांगितलं. मी ऐकत होतो आणि चकती बसवत होतो. सगळं ऐकून झाल्यावर मला दोन गोष्टी एकदम वाटल्या. एक, की धाकटी येणार. दुसरी, की अजून वर्ष. मी फिल्टरचा दांडा हापसला. पाणी आलं. स्वच्छ.

"चालतोय," मी म्हणालो.

"बाबा, मी काय म्हणतेय..."

"कळलं मला. फिल्टर पिंपात घाल."

*

पिंप भरलं. सर्वांत वर मेव्हणीनं रेनकोट ठेवला, वाळवून. पाळक कपडे करून आले. मंडळी पिंपाभोवती गोल उभी राहिली. कप्तानही वर आला, आणि त्याच्याबरोबर सूप पिऊन झालेले आणखी काही. फोन थोरल्याच्या हातात होता आणि फोनमध्ये धाकटी, ह्या वेळी शेजारी जावई.

पाळकांनी प्रार्थना केली. मग माझ्याकडे बघितलं. मी पुढे गेलो, पिंपाच्या कडेवर हात ठेवला. पत्रा गार होता. मला हिच्यासारखा आवाज नाही.

"आम्ही पाठवतो," मी म्हणालो.

आमेन म्हणायला सगळ्यांनी तोंड उघडलं.

"थांबा. एका वर्षासाठी. मुली तयार होईपर्यंत. आणि मग आम्ही परत बोलावतो."

आमेन तोंडातच राहिलं. पाळक म्हणाले, "म्हणजे... काका, असं वाक्य नाही आपल्याकडे."

"पाठवायचं आहे ना?"

"पाठवायचं आहे."

"मग बोलवायचं का नाही? एवढी वर्षं आपण माणसं पाठवतोय. परत आलेल्यांना कुणी दारात जाऊन आणलंय का? ती आपापली येतात, मागच्या बाकावर बसतात."

मागच्या बाकावर बसणारे एक जुने मिशनरी होते, त्यांनी खाली बघितलं. मग दुकानाचे मालक म्हणाले, "माल परत घ्यायची सोय हवीच. मी तर दुकानाच्या दारावरच लिहून ठेवलंय."

"पोरगी म्हणजे माल का?" मेव्हणी कडाडली. मग पाळकांकडे वळली. "वाक्य नाही ना? मग आज करा. आकाशातून पडलं होतं का पहिलं?"

"म्हणजे, मुख्य कार्यालय..."

"त्यांना मी फोन करते."

पाळकांचा चेहरा बदलला. मुख्य कार्यालयाची त्यांना काळजी वाटली असावी. मग ते पुढे आले आणि माझ्या हाताशेजारी पिंपावर हात ठेवून म्हणाले, "आम्ही पाठवतो. आणि आम्ही परत बोलावतो." आधी "म्हणजे" नव्हतं. मी त्यांना तसं बोलताना पहिल्यांदाच ऐकलं.

थोरल्यानं हात ठेवला. सूनबाईनं ठेवला. मग पिंपाला कडा कमी पडली. कप्तान सगळ्यात मोठ्यानं आमेन म्हणाला, आणि फोनमध्ये जावई काहीतरी बोलत होता, पण धाकटीचे फक्त खांदे हलत होते. हसतेय की रडतेय ते आवाज येईपर्यंत कळेना. मग आवाज आला. दोन्ही होतं.

झाकण मी लावलं. पट्टी आवळली, बोल्ट कसला. तेवढं काम माझं.

सोमवारी सूनबाई कप्तानाला घेऊन दवाखान्यात गेली. पिंप मी स्वतः कंपनीच्या गोदामात पोचवलं आणि त्या गोड आवाजाच्या माणसाला सांगितलं, की ह्या वेळी ते कुठे आहे हे विचारायला एक बाई रोज फोन करणार आहेत, सांभाळा.

मुख्य कार्यालयाचं उत्तर अजून आलेलं नाही. मेव्हणी म्हणते, येईल, कुठे जातंय. धाकटी, जावई, दोन मुलं येतील तेव्हा त्यांना वरची खोली लागेल. हिला खुर्चीत बसणंही जमेना तेव्हापासून ही त्या खोलीत होती. तिचा पलंग तिथे आहे, उशाशी चष्मा आहे, औषधं आहेत. थोरला म्हणाला, मी येऊन आवरतो. मी म्हणालो, मी आवरीन. ते काम व्हायचं आहे.